चौकटीखाली अर्धा इंच

माप घ्यायच्या आधी मी चित्र पालथं ठेवतो.
पाठीवरून कळतं कापड कुठलं.
हे गुळाच्या रव्याभोवतीचं,
सरस चोपडून पाटावर ताणलेलं.
बावीस वर्षं झाली,
तरी एखादी मुंगी अजून येते वास काढत.

भरमाण्णा मुतगेकर.
खडेबाजारात त्याला पेंटर म्हणायचे,
चित्रकार कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही.
गावांच्या पाट्या रंगवायचा कंत्राटावर.
हुकूम आला की पिवळ्यावर काळं,
नाव तेच, लिपी दुसरी.
मग आणखी हुकूम: ही अक्षरं वर घ्या, ती बारीक करा.
रात्री कोणीतरी डांबर फासायचं,
सकाळी हा परत सायकलवर,
हँडलला डबा, कानामागं ब्रश.
दोन्ही लिप्या त्याच्या हातातून सारख्याच गोल निघायच्या.
तू कुठला रे, असं कुणी खोदून विचारलं
तर म्हणायचा, "मुतग्याचा."
आणि बिडी पेटवायचा.

चित्र देसूरचं आहे, त्याच्या सासरवाडीचं.
भात निघून गेलेलं शिवार, त्यात मसूर,
मागं राजहंसगड, नुसता निळा डाग.
दाराशी म्हैस, उंबऱ्याजवळ एक कोंबडी,
पाण्याची घागर, थोडा धूर. एवढंच.
कुणी काही करत नाही त्यात.

पहिल्यांदा आणलं तेव्हा मी नाक लावून बघितलं.
म्हैस सापडेना.
जांभळे ठिपके, पिवळे फटकारे,
एका जागी बोटाचा ठसा.
"जवळनं काय बघूलास? मागं सर की."
सरलो. रंध्याच्या यंत्राला पाठ टेकली,
आणि म्हैस उभी राहिली, ओली, वाफाळणारी.
"काळी कुठाय पण?" मी विचारलं.
"काळा सगळा पाट्यांवर संपतो,"
तो म्हणाला, "घरला काय उरतंय?"

तेव्हा मी चौकट केली सागवानी, साधी.
चौकट चारी बाजूंनी अर्धा इंच खाते, हा धंद्याचा नियम.
डाव्या कडेला एक टाच होती,
बाहेर निघालेल्या बाईची, चिखल लागलेली.
म्हटलं, ही झाकली जाईल, बघ.
"जाऊ दे. मल्लव्वाला आवडत नाही कुणी बघितलेलं."
मग थोड्या वेळानं,
"कोंबडीनं मान वळवलीय ना, तेवढं बास."

मल्लव्वा आतून हाक मारायची, "ऊटक्क बर्री,"
हा मराठीत ओरडायचा, "आलो."
त्या घरात एवढंच भाषांतर चालायचं.

आता दोघंही नाहीत.
चित्र पतसंस्थेत होतं, ठेव विभागाच्या भिंतीवर,
दुपारचं ऊन थेट त्याच्यावर.
काच तडकली म्हणून शिपाई घेऊन आला.
साहेबांना सोनेरी पट्टी हवी, रुंद.

खिळे काढले. चौकट सुटली.
आणि मी बसलोच स्टुलावर.

सावल्या सगळ्या राखेच्या झाल्यात.
जांभळा तो छापखान्यातून उधार आणायचा,
स्वस्त शाई, उन्हाला न टिकणारी.
गड गेलाय. म्हैस आता खरंच काळपट आहे.
पण कडेला, सागवानाखाली,
अर्ध्या इंचाची एक पट्टी चारी बाजूंनी
पिकल्या जांभळासारखी ओली,
आणि तिच्यात ती टाच,
चिखल ताजा, पाऊल उचलायच्या बेतात.

बावीस वर्षं कोंबडी तिकडंच बघत होती.

सोनेरी पट्टी मी कापलीय मापाबाहेर.
डावीकडे चित्र मोकळंच सोडतो.
शिपाई म्हणेल, मिस्त्री, हितं फट राहिली की.
म्हणू दे.
साहेब उजेडाकडे पाठ करून बसतात,
त्यांना दिसायचं नाही.
ऊन मात्र दुपारी येणारच,
टाचही विटेल चार-पाच वर्षांत, मला माहीत आहे.

मी हातात करवत घेऊन
अजून थोडा मागं सरून बघतोय.